बांगडीएवढी फांदी

रविवार पेठेतल्या तिसऱ्या दुकानात
मालकानं आधी मोठंच यंत्र काढलं.
अठरा इंची पातं, पेट्रोलवरचं,
दोरी ओढली की व्यालेली म्हैस अंगावर यावी तसं ओरडणारं.
"घ्या बाई, सागवान पडतंय याच्यानं."

मला सागवान पाडायचं नव्हतं.
आमच्या जांबोटीकडं सागवानाकडं नुसतं टक लावून बघितलं
तरी फॉरेस्टवाला नाव विचारतो.

माझे काजू एकवीस,
एक चिकू, कौलांवर कोपर टेकून बसलेला,
आणि शेवगा, त्याला कुठं थांबायचं ते
कुणी शिकवलंच नाही.
तीस वर्षं भरमू छाटायचा, कोयत्यानं.
यंदा त्यानं खांदा दाखवला,
"वर जात नाही की हो हात,"
आणि कोयता माझ्या पायरीवर ठेवून गेला,
खोली सोडताना चावी ठेवावी तसा.

"फांदी एष्टु दप्प?"
मग माझ्या तोंडाकडं बघून, "जाड किती, जाड?"

मी बांगडी काढली.
दोन-चारची. एरवी साबणाशिवाय निघत नाही.
आदल्या संध्याकाळी हीच फांद्यांना टेकवत
एकवीस काजू फिरले होते,
शेजारची सून कुंपणावरून बघत होती, बघू दे.
"हिच्यात मावंल तेवढीच. त्याच्यावरची मी कापत नाही."

मालकानं बांगडी उजेडात धरली सोनारासारखी,
मग एका लहानग्या पात्यावर ठेवली, चार इंची.
"सण्णदु साकु," स्वतःशीच म्हणाला.
सात हजारांचं गिऱ्हाईक अडीच हजारांवर येताना
माणसाचा आवाज असा खाली बसतो.

लहान तीन होत्या.
नारिंगी अठराशेची, हातात घेतली की खुळखुळणारी.
निळी सव्वीसशेची, दोन बॅटऱ्या, तेलाची कुपी.
तिसरीची किंमत त्यानं सांगितली
आणि मी ती परत काचेत ठेवली, जपून.

मी निळी तोललीच बराच वेळ, डोक्याच्या वर हात नेऊन,
दुकानातली दोन पोरं हसली.
हसा. भाजी तोलतात खाली धरून,
ही तोलायची वर धरून.
"आणि साखळी तुटली तर? पुढच्या साली मिळंल इथंच?"
मालक काही बोलला नाही.
नारिंगी त्यानं स्वतःच फळीवर मागं सरकवली.

माहितीचा कागद चिनीत होता.
तो कानडी, मी मराठी,
दोघं मिळून चित्रं वाचली.
पावतीवर त्यानं लिहिलं शेवंता देसूरकर,
कानडीत माझं नाव गोल गोल झालं,
बांगड्या ओळीनं मांडल्यासारखं.

बसमध्ये खोकं मांडीवर.
"काय, मिक्सर?" कंडक्टर म्हणाला.
"होय," म्हटलं.
बाईनं करवत घेतली म्हटलं असतं
तर पिरनवाडीपासून घरापर्यंत उत्तरंच द्यावी लागली असती.

रात्री वीज नव्हती. पहाटे आली,
तेव्हा उठून बॅटरी लावली, आणि झोपलेच नाही.

सकाळी भरमू आला, न बोलावता.
"खेळणं आणलंसा," म्हणाला,
आणि चांगल्या हातानं दाखवायला लागला,
"ही नको, हिला मोहोर येणार. ती. आतली. जरा तिरकी धरा."
सहा काजू झाले, बॅटरी बदलली, आणखी पाच.
भुसा माझ्या केसांत, त्याच्या मिशीत.

मग चिकूची ती फांदी, कौलांवरची.
मी बांगडी टेकवली.
लाकूड दोन्हीकडून बाहेर.
भरमूनं पायरीवरच्या कोयत्याकडं बघितलं,
मी त्याच्या खांद्याकडं.

"राहू दे की," तो म्हणाला.
"चार कौलं सरकवू."