शून्य–तीन

गेलो नाही, तर नियमाप्रमाणे शून्य–तीन.
गेलो, तर मागच्या खेपेचा अनुभव बघता शून्य–पाच.
म्हणजे बहिष्कार घातला
तर तोच आपल्या फेरो बेटांचा त्यांच्याविरुद्धचा
आजवरचा सगळ्यात चांगला निकाल,
असं आयदुन म्हणाला
आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

आयदुन सुतार आहे, डाव्या बाजूचा बचाव सांभाळतो.
रूनी शाळेत भूगोल शिकवतो.
युद्ध सुरू झालं तसा त्यानं वर्गातला नकाशा उतरवून ठेवलाय;
म्हणतो, पोरं सीमेच्या रेघेवर बोट ठेवतात
आणि विचारतात, ही अजून आहे का?
मी गोलकीपर.
दिवसा क्लाक्सविकच्या कारखान्यात मासे भरतो.

चिटणीस मार्युननं चष्मा कपाळावर ढकलला.
एकेकानं बोला, म्हणाली.
खिडकीबाहेर दोन मेंढ्या
कॉर्नरच्या झेंड्याला अंग घासत होत्या.

खेळ वेगळा, राजकारण वेगळं, एक जण म्हणाला.
मग सामन्याआधी राष्ट्रगीत कशाला लावता, दुसरा.
आपण उणीपुरी पन्नास हजार माणसं,
आपण नाही गेलो तर तिकडे झाडाचं पानसुद्धा हलणार नाही.
आपल्याकडे झाडंच नाहीत, रूनी हळूच म्हणाला,
पान हललेलं आपल्याला कळणार कसं?

माझी पाळी आली तेव्हा मी हात बघत होतो.
सकाळी साडेसहाला याच हातांनी
सॅमनवर बर्फ, बर्फावर झाकण,
झाकणावर त्या देशाच्या लिपीतली चिठ्ठी.
दिवसाला चारशे पेट्या.
ती लिपी मला वाचता येत नाही,
पण उलटी लागली तर लगेच कळतं.
जहाज गुरुवारी सुटतं.
गुरुवार अजून एकही चुकलेला नाही.

मासे जाऊ शकतात,
मग अकरा माणसांनीच कुणाचं घोडं मारलंय?
हे मी बोललो नाही.
कारखान्याचं नाव आमच्या सरावाच्या जर्सीवर आहे,
छातीवर डावीकडे,
बरोबर जिथं आपण हात ठेवतो.

त्यांच्या गोलकीपरबद्दलही बोललो नाही.
सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत
त्यानं माझे फाटके हातमोजे पाहिले
आणि आपला जास्तीचा जोड माझ्याकडे फेकला.
तो मी पकडला.
त्या दिवशी मी पकडलेली तेवढी एकच गोष्ट.
परवा त्याचा फोटो पाहिला,
सैनिकांना चेंडू वाटताना, हसताना.
हसू त्याचं की हुकमाचं?
माणूस अठरा यार्डांवर उभा असला तर मला ओळखता येतं.
फोटोत नाही.

हात वर करा, मार्युन म्हणाली.
मी केला.
गोलकीपरचा हात, सवयीनं जरा जास्तच वर गेला.

घरी सुन्वा बटाटे सोलत होती.
ठरलं?
ठरलं.
बरोबर ठरलं?
मी बूट काढत राहिलो.
तिनं पुन्हा विचारलं नाही,
सालही न तुटता एका लांब पट्टीत उतरत गेली.

शनिवारी सामन्याच्या वेळी कागदावर तीन गोल चढले.
एकही माझ्या हातून सुटला नाही,
एकही माझ्या पायांतून गेला नाही,
तरी रात्री कुशीवर वळलो की मोजतो:
पहिला डावीकडून,
दुसरा डोक्यावरून,
तिसरा कुठून आला, अजून लागत नाही.

पुढच्या आठवड्यात एका पेटीवर
चिठ्ठी उलटी लावली.
चारशेंतली एक.
मुद्दाम लावली की लागली, मलाच विचाराल
तर मला शपथ घालू नका.
मुकादमानं नखानं उचकटून ती सरळ केली.
झोप झाली नाही वाटतं?
नाही, म्हटलं.
बंदरात भोंगा वाजला.
गुरुवार होता.