एकोणचाळीस पूर्णांक चार

नान्नजच्या माळावर, पंपाच्या पडक्या खोलीत
गव्हाणी घुबडानं टाकलेली गोळी
मी पुडीत बांधून आणली,
एसटीत मांडीवर ठेवून.
शेजारच्या बाईनं विचारलं, प्रसाद का?
मी हो म्हणाले.

रात्री परातीत कोमट पाणी.
केसांचा गोळा हळूहळू सैल झाला
आणि चिमट्याच्या टोकाला
एकेक हाड करत उंदीर वर यायला लागला.
माळावरचा तो, लांब शेपटीचा,
टोकाला काळा झुपका असणारा.
झुपका आता पाण्यात कुठंतरी.

अम्माच्या विडीच्या सुपात हाडं वाळत घातली.
तंबाखूचा वास त्यांना लागेल, ती म्हणाली.
लागू दे.

दंडाचं हाड बावीस पूर्णांक सहा मिलिमीटर.
आखूड, कडेला एक धार उठलेली,
बीळ उकरताना स्नायू जिला धरून बसायचा.
मांडीचं तेहेतीस. त्याचा गोळा
मालदांडीच्या दाण्याहून जरा लहान,
खुब्याच्या वाटीतून कालच निसटल्यासारखा गुळगुळीत.
आणि नडगी
एकोणचाळीस पूर्णांक चार.
व्हर्नियर पुसून पुन्हा मोजली. तेवढीच.

मांडीहून नडगी लांब,
म्हणजे हा नुसता पळणारा नव्हे.
तिच्या शेजारची बारीक काडी
वरती सुटी, धनुष्यासारखी वाकलेली,
आणि अर्ध्यावर येऊन नडगीत अशी विरते
की जोड नखालाही लागत नाही.
पाय वळवायची मुभा सोडून दिलेली,
उडी सरळ जावी एवढ्यासाठी.

नायना पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं मागावर उभं राहून
त्यांचा डावा गुडघा दुमडत नाही.
टाचेचं हाड त्यांनी तळहातावर घेतलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"मारायचा दांडा," ते म्हणाले.
"खाली आखूड, वर लांब.
खाली बोटभर हलला की वर हातभर पळतो.
धोटा काय उगाच उडतो?"

मग त्यांनीच दुसरी नडगी उचलली,
जी मी अजून मोजली नव्हती.
सदतीस पूर्णांक एक. मधोमध गाठ,
सुतात अडकलेल्या खड्यासारखी.
मोडून, चुकीच्या कोनात जुळलेलं हाड.

बिराजदार सर म्हणतील, सरासरीत घेऊ नका.
बरोबरच आहे.
पण एवढी गाठ धरायला काही आठवडे जातात,
आणि तेवढे दिवस तो बिळाबाहेर येत होता,
कुसळीच्या गवतात दाणे वेचत,
डावीकडे कलती उडी घेत,
शेपटी उजवीकडे टाकून तोल सावरत.
माग दिसला असता तर वाळूत
एक ठसा खोल, एक फिका.

"लंगडायचा," नायना म्हणाले,
आणि नडगी सुपात ठेवली, ज्या जागी होती तिथंच.
मग ते माडीकडे निघाले.
जिन्याला अकरा पायऱ्या आहेत.
मी वहीत दोन्ही आकडे लिहिले,
डावा, उजवा,
आणि वर पाऊल पोचेपर्यंत
दिवा तसाच ठेवला.