कीस

पूर्णा जंक्शनला, रनिंग रूमच्या बेसिनवर
भिंतीत चार स्क्रूंनी आवळलेलं
पांढऱ्या एनॅमलचं एक यंत्र होतं.
वर झाकण, पोटात साबणाची वडी,
वडीच्या डोक्यावर स्प्रिंगचा दाब
आणि खाली दातेरी रूळ.
हँडल फिरवलं की किर्र व्हायचं
आणि तळहातावर कीस पडायचा,
खोबऱ्यापेक्षा बारीक, पिठापेक्षा जाड.
ओल्या हाताला लागला की विरायचा.

रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर
कोळसा गेला तरी हात काळेच घेऊन यायचे,
डिझेलचे, ग्रीसचे.
सिकंदराबादचा वेंकय्या, मनमाडचा गार्ड डिसूझा,
अकोल्याच्या छोट्या लाइनीवरचे गौसमियाँ.
एक फेरा, दुसरा फेरा.
गौसमियाँचा नेहमी तिसरा.
वडीला कुणाचाच हात लागत नव्हता.
म्हणून तर बसवलंय, इन्स्पेक्टर म्हणायचा,
एकाचं शिवलेलं दुसऱ्याला नको.
तो जंतूंबद्दल बोलत होता.
माझे वडील ऐकत होते.

वडील, लिंबाजी खिल्लारे, रूम अटेंडंट.
अख्ख्या वडीला हात लावणारा
त्या इमारतीतला एकटा माणूस.
सोमवारी झाकण उघडायचे,
जुन्या वडीची चिपटी नखानं काढायचे,
नवी वडी खाचेत बसत नसली
तर सुतळीनं तिच्या कडा कापायचे,
दातांत गच्च बसलेलं काडीनं कोरायचे.
शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे.
"मी फिरवू?"
"नको. ड्रायव्हरलोकायचा हाय तो."
मग स्वतःच दोन फेरे मारायचे, चालतंय का बघायला.
ते दोन फेरे कागदावर झेलायचे.
कागदाच्या चार घड्या, पुडी खिशात.
माझा शाळेचा फ्रॉक
चाचणीच्या त्या साबणानं धुतला गेला, सात वर्षं.

आणि स्वतःचे हात?
यार्डातल्या नळावर, विटेच्या भुग्यानं.
कुणी मनाई केली नव्हती.
पाटी नव्हती, नियम नव्हता.
खूप वर्षांनी मी विचारलं, का?
म्हणाले, "उगं शब्दाचा कीस पाडू नको."

एकदा रुळाचे दात बोथट झाले.
फेरे पाच, सहा, आणि कीस चिमूटभर.
वडील तो रूळ फडक्यात बांधून
पॅसेंजरनं नांदेडला गेले.
वजिराबादेतल्या हबीब टर्नरनं नवे दात पाडून दिले,
पैसे घेतले नाहीत.
असलं काम रोज कुठं येतंय, म्हणाला,
आणि चहा मात्र वडिलांनाच पाजायला लावला.

मग पाकिटातला पातळ साबण आला,
दाबला की पचकन.
यंत्राचं वजन भंगारात झालं, सहा किलो दोनशे.
रिटायर व्हायच्या आदल्या महिन्यात
वडिलांनी पावती फाडून ते विकत घेतलं.
आई म्हणाली, ह्याचं काय करू, नारळ किसू?
सोळा वर्षं ते खाटेखाली राहिलं,
युरियाच्या पोत्यात.

परभणीत घर बांधलं तेव्हा
अंगणातल्या बेसिनवर मी ते लावलं.
प्लंबरचं पोरगं म्हणालं, ताई, हे कशाचं मीटर?
तेल घातलं, वडी घातली,
वडिलांना हाताला धरून आणलं.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तळहात पुढं करायला
त्यांना वेळ लागला.
आधी पालथा केला,
मग हळूच उताणा.
मी फिरवलं. किर्र. एक. दोन.
"गौसमियाँवानी," ते म्हणाले,
आणि मी तिसरा मारला.

नळ सोडला तर नुसती हवा आली.
पाण्याची पाळी परवा होती,
माझ्या ध्यानातच नाही.
तांब्या आणायला आत गेले.
परत आले तर कोरडा कीस तसाच तळहातावर,
दुसऱ्या हातानं ते खिसे चाचपत होते,
"कागद हाय का गं एखादा?"