उताराचा उतारा

महासंघाचं पत्र आलं, अडीच ओळींचं.
त्यांच्या लेखी ती शर्यत झालीच नाही.

झाली होती.
ऋजुता आली त्या उतारावरून,
लाल काठी, निळी काठी, एकही न चुकवता,
पडली ती शेवटची रेघ ओलांडल्यावर.
गुडघा अजून सुजलेला आहे.
पण डोंगराचा दाखला
अकरा दिवस आधी संपला होता.

आमच्याकडे बर्फ येतो तो गोणपाटात, भुशासकट,
पाषाणच्या रसवंतीवर.
पोरगी पहाटे पाचला चाकांच्या स्की बांधून
सूसच्या चढाला लागते,
मी मागे स्कूटरवर, खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं.
गुणांचा हिशेब तिनेच शिकवला मला:
जितके कमी तितकं चांगलं,
जगात पहिला असतो तो शून्यावर.
हा महासंघ माझ्या बीजगणिताला
वेळेवर भेटायला हवा होता.

नियमांचं पुस्तक छापून घेतलं,
अप्पा बळवंत चौकात बांधून आणलं.
माथा-पायथ्यात किती मीटरचा फरक हवा,
जाळी कुठे, पंच किती,
अंगावरच्या सूटमधून हवा किती जावी, तेसुद्धा.
खरं सांगतो, वाचताना बरं वाटलं.
कुणीतरी नीट बसून लिहिलंय.
हरकत घ्यायला मुदत पंधरा मिनिटं, अनामत रोख.
त्या पंधरा मिनिटांत ती
गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती.

चौतीस वर्षं मी भूमी अभिलेखात काढली.
जमीन वेगळी, उताऱ्यावरची जमीन वेगळी,
हे खिडकीतून किती जणांना सांगितलं,
चहा गार होऊ न देता.
भुगावचे एक शेलार होते.
मोजणीचा नकाशा आणला, शिक्का जुना,
मुदत टळलेली. दिवस थोडेच.
काउंटरवर टोपी काढून ठेवली आणि म्हणाले,
साहेब, जमीन हललीय का कुठं?

काल रात्री महासंघाला लिहायला बसलो.
डोंगर हलला होता का, एवढंच विचारायचं होतं.
इंग्रजीत ते उद्धट दिसलं, खोडलं.
मग अर्ज केला: दाखल्याची नक्कल मिळावी,
नियमाप्रमाणे फी भरण्यास तयार आहे.

शेलारांना मी काय म्हणालो होतो
ते आठवत नाही.
बहुतेक, पुढच्या मंगळवारी या.

पाच वाजत आलेत.
जिन्यात चाकांचा आवाज.
स्कूटरची किल्ली सापडत नाहीये.