हातचा

ट्यूसनच्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये
तीन दिवस ते भांडत होते, हळू आवाजात,
शिकलेली माणसं भांडतात तसं:
आधी एकमेकांचे आभार मानून.

मी कॉफी भरत होते.
कॉफी भरणाऱ्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात,
त्यामुळे मला आता ठाऊक आहे
की पैसा एकाच मोठ्या यानापुरता आहे,
की प्लुटोनियम केशरासारखं ग्रॅमग्रॅमनं साठवावं लागतं,
आणि वाटेत गुरूनं ढकललं तर काही वर्षं वाचतात,
पण गुरू दर वर्षी दारात उभा नसतो.

मॅरिबेथ टॉलिव्हर म्हणाली, एन्सेलाडस.
बर्फाच्या भेगांतून तो आपला समुद्र
आपणहून बाहेर उडवतोय,
आपण नुसता पेला धरायचा.
मला पटलं.

शिमाबुकुरो नावाच्या पोराला ट्रायटन हवा होता,
कुठून तरी लांबून आलेला, उलटा फिरणारा,
आणि नेपच्यूनकडे कायमचा राहून गेलेला.
तेही पटलं. माझ्या घरी असे दोघं आहेत.

एमरी हॅलस्टेड बसूनच बोलला.
म्हणाला, युरेनस कुशीवर लवंडलेला आहे.
त्याच्या चंद्रांची आपण एकच बाजू पाहिलीय,
शहाऐंशीच्या जानेवारीत, जाता जाता.
अठ्ठावीस वर्षांचा होतो मी.
मिरांडा ओळीओळीनं पडद्यावर उतरली,
कडे, खाचा, दुमडलेली जमीन,
आणि मग पुढे नुसता काळोख.
आता त्या काळोखावर ऊन पडलंय.
तेही फार वर्षं टिकणार नाही.
एवढं बोलून त्यानं साखर मागितली.

शेवटच्या दुपारी प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या दिल्या,
फळ्यावर नावांपुढे चिकटवायला.
अब्जावधी डॉलर, आणि टिकल्या!
माझी धाकटी बालवाडीत असंच
सगळ्यात छान फुलपाखरू निवडायची.
फळ्याचा फोटो काढला, फळा पुसला,
आणि सगळे विमानतळाकडे पळाले.

कप उचलताना मला कागद दिसले.
जवळजवळ प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, लपवून,
एकच गणित.
यान पोचायचं वर्ष. त्यातून जन्माचं वर्ष वजा.
मॅरिबेथनं ते दोनदा करून दोनदा खोडलं होतं.
शिमाबुकुरोनं खाली हसरा चेहरा काढला होता.
कुणी तरी मुलीचं वर्ष वजा केलं होतं, स्वतःचं नाही.

एमरीच्या कागदावर:
२०४५ वजा १९५७.
उत्तर, अठ्ठ्याण्णव. त्याखाली दोन रेघा.
आणि शेजारी, न लावलेली तिसरी टिकली.

मी उभ्यानं पुन्हा केलं.
पाचातून सात जात नाहीत. हातचा घ्यायचा.
घेतला होता त्यानं. मग चारातला एक कमी करायला विसरला.
ग्रहांच्या कक्षा मोजणारा माणूस
आपल्याच वयात दहा वर्षं जास्तीची घालून
गप्प बसून राहिला होता.

अठ्ठ्याऐंशी, साहेब.
नोगालेसचा माझा मामा एलिजिओ
एकोणनव्वदाव्या वर्षी छपरावर चढला होता,
टाकीचा वॉल्व बदलायला.
बायकोच्या शिव्या खात, पण बदलला.

तो टोपी विसरला होता, म्हणून परत आला.
मी कागद पुढे केला, बोट ठेवलं.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
बोटांवर मोजलं, शाळेतल्या पोरासारखं,
आणि कितीतरी वेळ नुसता त्या आकड्याकडे बघत राहिला.
म्हणाला, मतदान तर झालं.
मी म्हटलं, हो, झालं.
टोपी घातली. दारापाशी थांबून विचारलं,
तुम्ही किती वर्षांच्या असाल तेव्हा?

तो गेल्यावर मी टेबल पुसलं.
चिकट डाग होते, गरम पाणी आणावं लागलं.
टिकली माझ्या ट्रॉलीच्या दांड्यावर आहे, अजून.
बासष्ट.
गुडघे टिकले तर बघेन म्हणते
मिरांडाची ती दुसरी बाजू.