हनुवटीवरची धूळ

अनुसया बोखारेंनी फोटो पाठवला:
हळदीची रिकामी पिशवी, तीही तिरकी,
कोपऱ्यात त्यांचाच अंगठा.
खाली आवाज –
"भाऊ, हाच लोगो. फक्त साफ करून द्या.
पाचशे पिशव्या. सोमवारी माल मोंढ्यात जायचाय."

फोटो मोठा केला की चेहरा विरतो,
उरतात चौकोन. राखाडी, पिवळट, भुरे,
गच्चीवरून पाहावी
वसमतभर वाळत घातलेली हळद, तसे.

मी पेन टूल उचललं.
पहिला बिंदू पदराच्या काठावर, दुसरा कानामागं,
मधली रेघ वाकवायची
ओली काडी वाकवतात तशी,
तुटू न देता.
बिंदू जितके कमी तितकी रेघ गुळगुळीत,
हे नांदेडच्या क्लासात शिकलो
आणि उपासासारखं पाळतो.
नाकाला चार. फुलीला दोन.
ओठांना सहा;
एक काढून पाहिला तर बाई हसायला लागली.
परत ठेवला.

मग कचरा.
झेरॉक्सचे डाग, शाईचे शिंतोडे,
कापडाच्या विणीत अडकलेली पूड.
'गंगाबाई'वरचं टिंब तेवढं राखलं.
ते गेलं तर गंगेची गगा होते
आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.
बाकी सगळी उडवली.
एकशे चौदा.
मी नाही मोजली. संगणक मोजतो.

रात्री अकराला प्रूफ पाठवलं.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

सकाळी त्या कुरुंद्याहून एसटीनं आल्या,
हात कोपरापर्यंत पिवळे.
खुर्ची दिली तरी उभ्याच.
"लई साफ झालं," म्हणाल्या,
आणि बघतच राहिल्या.
बाहेर कुणीतरी टेम्पो चालू करायचा प्रयत्न करत होतं,
तो चालू झाला, गेला.
"पण ही आमची सासू नाही."

मी पदर मोठा करून दाखवला, भुवया, फुली.
त्यांनी मान हलवली.
मग स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं
एकदा, जरा खाली पुन्हा, मग बाजूला.
त्यांची हनुवटी कोरी होती.
बोट उचललं तिथं तिथं हळद राहिली.
"गोंदण."

एकशे चौदातले तीन.

अनडू तेवढं मागं जाईना.
पुन्हा तो फोटो, तो अंगठा,
पुन्हा सगळी धूळ एकेक चाळत.
सापडले. दोन जवळजवळ, तिसरा जरा फटकून.
गोंदणारीचा हात हलला असेल,
किंवा सुई लागल्यावर पोरीची मान.
मला ते एका रेषेत घ्यायचा मोह झाला.
घेतलेही होते, दहा सेकंद.

जिलानीभाईनं फिल्म ट्यूबलाइटला धरली.
"ये टिपके नै खुलते बाबा, जाळी बुज जाती.
थोडे मोटे कर."
अर्ध्या पॉइंटनं वाढवले.
म्हणजे गंगाबाईच्या हयातीत होतं
त्याहून जरा ठळकच झालं गोंदण.
याबद्दल मी बोखारेताईंना काही बोललो नाही.

स्क्वीजी खाली आली, वर गेली.
हिरवी शाई.
पाचशे वेळा ती बाई पिशवीवर उतरली,
दोरीवर चिमट्यांनी टांगली गेली,
पंख्याच्या वाऱ्यात फडफडत राहिली.
सोमवारी गेली.

पुढच्या आठवड्यात तीच जाळी धुऊन
एका क्लासेसचे टी-शर्ट घेतले.
पहिल्या, वाया घालवायच्या शर्टावर
'यशाची हमी'च्या खाली
तीन फिकट ठिपके. दोन जवळ, एक फटकून.
"जाळी का भूत है," जिलानीभाई म्हणाला,
"रुक, केमिकल मारता."
मारलं. गेले.

तो शर्ट मी घरी घालतो.
आई दर वेळी धुताना तिथं साबण जास्त चोळते.
मी सांगत नाही.