बाहेरची हवा

माझं काम एवढंच : चिंचेला टांगलेला थर्मामीटर
दर तासाला बघायचा, वहीत लिहायचा.
वही देताना शट्टुप्पा म्हणाला होता,
"इंजिनाचं मी बघतो. तू हवेचं बघ."

उद्यमबागेत तीस वर्षं त्यानं क्रँकशाफ्ट घासले,
सगळे दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरचे.
मग फंडाच्या पैशातून
वास्कोच्या गोदीतलं एक जपानी इंजिन आणलं
ज्यात पिस्टनच नाही.
शेंगेच्या टरफलासारखी पोकळी,
आत फुगीर कडांचा तिकोनी रोटर
डुलत, घासत, फिरणारा.
सुमित्राकाकू चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं,
"समोसा हाय की ओ ह्यो."
तेव्हापासून त्याचं नाव समोसा.

ह्या इंजिनाचा एक गाल कायम चुलीकडं,
एक गाल कायम दाराकडं.
पेट नेहमी त्याच जागी,
गार श्वास नेहमी पलीकडे.
बीड एका अंगानं फुगू बघतं, दुसऱ्यानं नाही,
मधून पाणी पळत असतं, समजूत काढत.
तेलही वाटा उचलतं, चांगला तिसरा हिस्सा.
म्हणून रेडिएटर दोन,
आणि नाकाखाली हवा गिळायला दोन तोंडं.
तापमानाचा काटा जुन्या बसमधून काढलेला,
त्यावर कुणा ड्रायव्हरनं पांढऱ्या रंगानं
कन्नडात लिहिलंय : नीरु.
शट्टुप्पानं ते पुसलं नाही.

जानेवारीत देसूरच्या माळावरून उडालं.
वहीत : सहा पन्नास, तेरा.
राजहंसगडाकडं एक गिरकी,
काटा ब्याऐंशीला, हलला नाही.
मला चमचाभर कुंदा मिळाला.

एप्रिलात तेच पंख, तोच समोसा.
वहीत : अडतीस.
मुरमाच्या पट्टीच्या टोकाला पोचेतो काटा नव्वद,
चढताना शंभर,
मग एकशे बारा.
तो वळला. उतरला.
माळभर कूलंटचा गोडसर वास,
आणि शट्टुप्पा चाकाशी बसून
खडूनं पंखावर वजाबाकी करतोय.
"शंभर ही हद्द धर. जानेवारीत हातात सत्त्याऐंशी.
आज बासष्ट.
पंचवीस डिग्री खिशातनं गेल्या बघ,
आणि इंजिनाला त्याची खबरच नाही."

मग तोंडं मोठी केली. तापलं.
रेडिएटर जाड घातला. आणखीच तापलं.
दोन आठवडे तो कुणाशी बोलला नाही,
काकूंशी फक्त "मीठ".

रुद्राप्पा आला तो चरकाचा गिअर घेऊन,
हुक्केरीकडचा गुळव्या,
चाळीस हंगाम चुलीपुढं काढलेला.
गिअर ठेवला, विमानाच्या नाकात हात घातला,
मागं बोटांनी चाचपलं, हसला.
"मोदल गाळी होरग होगली."
आधी वारा बाहेर तर जाऊ दे.
तोंड कितीही फाकवा, म्हणाला,
धुराडं चोंदलं तर चूल ओढत नाही.

त्या रात्री शट्टुप्पानं तोंडं निम्मी केली.
आत नरसाळं, हळूहळू रुंदावत नेलेलं.
फटी सायकलच्या ट्यूबनं बुजवल्या,
एकूण एक, अगदी बोल्टाभोवतीची सुद्धा;
वारा आळशी, म्हणाला,
रेडिएटरातून जाण्याऐवजी आडवाटेनं सुटतो.
आणि पोटाखाली एक झडप,
दांडी ओढली की उघडणारी.

मेच्या अकरा तारखेला दुपारी अडीचला
मी वहीत लिहिलं : सदतीस.
पेन्सिल घामानं घसरत होती.
वर त्याचा आवाज, शिलाई मशीनसारखा एकसुरी,
बारीक होत गेला, परत मोठा झाला.
मला काटा दिसत नव्हता. मी पारा बघत होतो,
जणू तोच चढेल, तोच उतरेल.

उतरल्यावर त्यानं टोपी काढली नाही,
काकूंकडं बघितलं नाही,
विमानाखाली वाकून झडपेपाशी हात धरला.
हवा भसाभस येत होती, भाजणारी.
"धर हात," म्हणाला.
मी धरला.
"आली बघ बाहेर."

आकडा विचारायचा राहिला.
वहीत ती ओळ अजून अर्धीच आहे.